दैर म्हणालो, डेरा निघाला

मी अबोल माणूस आहे, असं लोक माझ्याबद्दल कौतुकाने सांगतात. सासुरवाडीत तर हे माझं एकमेव भांडवल. "आमचे जावई एक शब्द वाया घालवत नाहीत," असं बाई शेजारणींना सांगायच्या. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. वसईजवळच्या आमच्या गावात त्यांनी मराठी शाळेत आयुष्य काढलं, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. मीही म्हणतो, कारण तिसरीत मी त्यांच्याच वर्गात होतो. तेव्हा त्या मला 'तू' म्हणायच्या आणि बाकावर उभं करायच्या. मुलगी दिल्यावर 'तुम्ही' म्हणायला लागल्या. त्या 'तुम्ही'ची मला आजपर्यंत सवय झालेली नाही. आपल्या मागे कुणी मोठा माणूस उभा आहे आणि बाई त्याच्याशी बोलतायत, असं वाटतं.

अबोलपणाचं खरं कारण आज सांगतो. न बोलता खोटं बोलता येतं, हे मला फार लवकर कळलं होतं. शब्द पकडता येतो. मान पकडता येत नाही.

दुबई-शारजातल्या वसईकरांची आमची एक प्रार्थनामंडळी आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, एक दिवस आम्ही बस करून यात्रेला जातो. यात्रा म्हणजे एका अमिरातीतल्या चर्चमधून दुसऱ्या अमिरातीतल्या चर्चमध्ये, मध्ये चहा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी बातमी आणली की उत्तरेकडे वाळूत एका जुन्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. हजार वर्षांहून जास्त जुने. तिथे संन्यासी राहायचे, प्रार्थना करायचे. मंडळी हरखली. आमचा गिटारवाला, जो एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो आणि मंडळीत गाणी बसवतो, तो म्हणाला, "आपल्याला वाटतं आपण पहिले आलो. आपली माणसं व्हिसाच्या आधीच येऊन गेलीत."

ठरलं, यंदाची यात्रा तिथे. पण रस्ता आधी कुणीतरी पाहून यायला हवा. मी जबल अलीला एका वेअरहाऊसमध्ये आहे. कुठला कंटेनर कुठल्या दाराला लागायचा हे बघणं हेच माझं काम. त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मीही मान डोलावली.

जायचं ठरलं त्या शनिवारी मी गेलो नाही. सोफ्यावर पडून मॅच पाहिली. पुढच्या बैठकीत गिटारवाल्याने विचारलं, "काय रे, जाऊन आलास ना?"

मी मान हलवली. आता आमच्याकडची मान. तिच्यात हो असतं, नाही असतं, बघू असतं, आणि 'आता हा विषय पुरे' हेही असतं. त्याने त्यातलं 'हो' उचललं. मी ते परत मागितलं नाही. कुणीतरी म्हणालं की ग्रुपवर लोकेशनची पिन टाकू या. गिटारवालाच म्हणाला, "पिन कशाला? हा पाहून आलाय."

बाई त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या, व्हिजिट व्हिसावर. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात त्यांनी दोन दिवसांत शिस्त आणली. यात्रेचं कळल्यापासून त्यांनी आठवडाभर गोड खाल्लं नाही. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "मी जेरुसलेमला काही जाणार नाही आता. एवढं पाहिलं की पुष्कळ झालं." हे मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून ऐकलं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी पाणी पिऊन परत गेलो.

यात्रेच्या दिवशी बसमध्ये सत्तेचाळीस जण. त्यात फादर. आमच्याच बाजूचे, तरुण, महिन्यातून एकदा मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करायला येणारे. ड्रायव्हर पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा खान. शारजात रोल्लापाशी शेवटची माणसं चढली आणि मी पुढे जाऊन त्याच्या कानाशी वाकलो. आदल्या दिवशी मी फोनवर अरबी शब्द शोधून ठेवला होता. मठाला अरबीत म्हणतात दैर. इतकी वर्षं माझं अरबी यल्ला, खलास, इन्शाल्ला आणि हबीबीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे हा पाचवा शब्द वापरायची मला घाईच झाली होती.

"खान साहब, वो पुराना दैर है ना, उधर का," मी त्या अमिरातीचं नाव सांगितलं, "वहां जाना है."

खानने मला आरशातून पाहिलं. "पुराना वाला डेरा?"

मला वाटलं हा पठाणी उच्चार. "हां, वही."

"मालूम है," तो म्हणाला. "अपना देखा हुआ है."

त्या क्षणी मला देवाचे आभार मानावेसे वाटले. मानलेसुद्धा.

बस हमरस्ता सोडून कच्च्या वाटेला लागली. एक वळण, दुसरं वळण, मग घाफच्या दोन झाडांपलीकडे ते दिसलं. कमरेएवढ्या दगडी भिंती. तीन-चार खोल्या ओळीने, छप्पर नाही, आजूबाजूला फक्त वाळू. बाईंनी डोक्यावर पदर घेतला. इतकं हायसं वाटलं की मलाही भरून आलं.

उघड्यावर मोठ्याने भक्ती करायची नाही, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून सगळे सहलीला आल्यासारखे विखुरले, जपमाळ खिशातल्या खिशात. फादर हळू आवाजात समजावत होते. एका खोलीत जमिनीलगत लांबट हौद होता. फादर म्हणाले, इथे बाप्तिस्मा होत असणार. शेजारच्या खोलीत ओळीने कड्या होत्या. त्यावर ते थोडं थांबले, मग म्हणाले, इथे दिवे टांगत असतील. दिव्यांसाठी कड्या जरा खाली होत्या, माझ्या गुडघ्याशी. पण संन्यासी म्हणजे नम्र माणसं.

मग गिटारवाल्याने हाक मारली. पलीकडच्या भिंतीवर लाल क्रूस होता. जरा तिरका, म्हणजे फुलीसारखा, पण लाल आणि मोठा. कुणीतरी हळूच म्हणालं, "रक्त असेल का?" त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि न बोलल्यामुळे ते रक्तच ठरलं.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती माझ्याजवळ येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॅड, धिस इज अ गोट शेड."

बायकोने तिला दंडाला धरून बाजूला नेलं. पण मी खाली पाहिलं. पायाशी लेंड्या होत्या. जुन्या, वाळलेल्या, पण हजार वर्षांच्या नक्कीच नव्हत्या. हौदाच्या कोपऱ्यातून निळा प्लास्टिकचा पाइप बाहेर आला होता. आणि भिंतीच्या फटीत, दोन दगडांमध्ये पाचर म्हणून, दुधाच्या पावडरीचा गंजलेला डबा ठोकला होता.

मी खानकडे गेलो. तो बसच्या सावलीत चहा पीत होता.

"खान साहब, ये क्या जगह है?"

"डेरा," तो म्हणाला. "आपने बोला ना, पुराना डेरा. मेरा पहले वाला अरबाब, मालिक, उसका बकरी इधर होता था. तीन सौ बकरी. मैं पानी का टँकर लाता था."

"कितना पुराना है?"

"बहुत पुराना," खान अभिमानाने म्हणाला. "तीस साल."

आणि ती लाल फुली? म्युनिसिपालिटीची, तो म्हणाला. पाडायचं असलं की मारतात. खलास.

मी परत गेलो तो सांगायच्या विचारानेच. खोटं वाटेल, पण तोंडही उघडलं होतं. समोर बाई गुडघे टेकून बसल्या होत्या, हौदाच्या काठाला कपाळ लावून, आणि रडत होत्या. मागे सगळे गुडघ्यांवर. फादरसुद्धा. सेहेचाळीस माणसं बकऱ्यांच्या हौदासमोर. मी तोंड मिटलं आणि सत्तेचाळिसावा गुडघा टेकला.

परतीच्या वाटेवर बाईंनी पर्स उघडून मला दाखवलं. रुमालात मुठीएवढा दगड होता. एका बाजूला लाल. "भिंतीतला सुटाच होता," त्या म्हणाल्या. "घरी देवाजवळ, आल्ताराशी ठेवीन. चालेल ना हो?"

मी मान हलवली.

पुढच्या दोन वर्षांत काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. गिटारवाल्याने 'लाल क्रूस वाळवंटी' नावाचं गाणं केलं. ते आता दर उपवासकाळात म्हटलं जातं आणि लोक डोळे मिटून म्हणतात. माझ्या मुलीने गोट शेड हा शब्द जपून वापरायला सुरुवात केली. मैत्रिणीकडे राहायला जायचं असलं, फोन जास्त वेळ हवा असला, की ती माझ्याकडे बघून अगदी बारीक आवाजात बें करायची. मी परवानगी द्यायचो. बायको म्हणायची, तुम्ही हिला फार लाडावलंय.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मागच्या पावसाळ्यात गावाहून फोन आला. बाई ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत.

गावाकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रविवारी मिस्सेत प्रसाद घ्यायला सगळी रांग पुढे जाते आणि एक बाई बाकावर बसून राहते. तेही बाई. गावात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. सुनेशी भांडण, जमिनीचा वाद, सगळे तर्क झाले. शेवटी बायकोने फोनवर खोदून विचारलं तेव्हा कळलं. बाईंनी पेपरात वाचलं होतं की कुठल्याशा देशात एका पर्यटकाला जुन्या अवशेषांतला तुकडा खिशात घातला म्हणून पकडलं. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. त्यांनी कुमसार केला, म्हणजे फादरांकडे पाप सांगितलं. तिकडच्या फादरांनी क्षमा दिली आणि म्हणाले, जमलं तर वस्तू परत करा. बाईंनी 'जमलं तर' ऐकलंच नाही. वस्तू परत होईपर्यंत आपण चोर, आणि चोराने रांगेत उभं राहायचं नाही.

"मी एका पोराला खडू चोरला म्हणून अख्खा तास उभं केलं होतं," त्या बायकोला म्हणाल्या. "आणि मी देवळाची भिंत उचलून आणली."

तो खडूवाला पोर मी होतो. पण ते असो.

हे सगळं बायकोने मला जेवताना सांगितलं. एक वाक्य बोललो असतो तर बाई त्याच रविवारी रांगेत उभ्या राहिल्या असत्या. मी भात कालवत राहिलो. असं एक दिवस नाही, तीन महिने. मागचं सगळं मी स्वतःला माफ केलं असतं. हे तीन महिने मला करता येत नाहीत.

डिसेंबरात बाई आल्या, पर्समध्ये दगड घेऊन. विमानतळावर त्या सरळ कस्टमच्या माणसासमोर गेल्या, रुमाल उघडला आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाल्या की हा मी तुमच्या देशातून चोरला, परत आणलाय. त्याने दगड हातात घेतला, उलटा केला, मशीनमधून काढला. मग अदबीने परत दिला. "मामा, धिस इज स्टोन. यल्ला, वेलकम." बाईंचा अपमान झाला. इथे कुणाला कशाचं गांभीर्यच नाही, असं त्या घरी येईपर्यंत म्हणत होत्या.

मी मनात एक सोपा मार्ग काढला होता. बाईंना त्याच गोठ्यावर न्यायचं. त्या दगड भिंतीत ठेवतील, प्रार्थना करतील, मोकळ्या होतील. वस्तू तर जिथून आणली तिथेच परत जाणार. यात खोटं कुठेच नव्हतं. मी रजा टाकली. बायको ड्युटीवर, मुलगी शाळेत. गाडीत आम्ही दोघंच. बाईंनी दगड मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी, लहान मूल धरावं तसा. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला त्रास दिला हो."

घाफची दोन झाडं आली. त्यांच्यापलीकडे काही नव्हतं.

म्युनिसिपालिटीने शब्द पाळला होता. सपाट वाळू, बुलडोझरच्या चाकाच्या जुन्या खुणा, आणि एका बाजूला निळ्या पाइपचा तुकडा. बाई गाडीतून उतरल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग झाडाला धरून हळूहळू खाली बसल्या.

"मी तो दगड काढला," त्या म्हणाल्या. "म्हणून पडलं."

"नाही हो बाई."

"हजार वर्षं उभं होतं. मी हात लावला आणि दोन वर्षांत गेलं." त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही नाही.

मान हलवून आता भागणार नव्हतं. हे मला नीट आठवतं, कारण मी आधी मान हलवून पाहिली.

"बाई," मी म्हणालो, "तो गोठा होता."

त्यांनी पदर खाली घेतला.

मग मी सगळं सांगितलं. दैर, डेरा, खान, तीनशे बकऱ्या, दुधाचा डबा, फुली. उभा राहून, हात मागे बांधून. तसं का उभा राहिलो ते मलाही कळलं नाही. माझं संपल्यावर बाईंनी एकदा त्या पाइपाकडे पाहिलं. मग म्हणाल्या,

"तुला कधी कळलं?"

तुला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"तेव्हाच. तुम्ही रडत होतात तेव्हा."

"आणि मी रांगेत जात नव्हते, हे कधी कळलं?"

"तेही लगेच. पावसाळ्यातच."

"आधी जागा पाहून आला होतास ना तू?"

"नाही. मॅच बघत होतो."

बाईंनी थोडा विचार केला. "कोण जिंकलं?"

"आपण हरलो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. साडी झटकली, दगड पुन्हा पाहिला. लाल बाजू अंगठ्याने घासली. रंग निघाला नाही. सरकारी रंग होता. मला वाटलं आता त्या तो लांब फेकतील. त्यांनी तो झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवला. मी विचारलं, आता कशाला, त्याचं काहीच राहिलेलं नाही. तर म्हणाल्या, "बकऱ्यावाल्याचा आहे ना? माझा नाही ना? मग झालं." आणि गाडीकडे जाता जाता, "एवढी माणसं इथे गुडघे टेकून बसली होती. ती प्रार्थना काय बकऱ्यांनी खाल्ली असेल? पण ते देव बघेल. तुझं मी बघते."

मग त्यांनी मला खऱ्या जागी न्यायला लावलं. या वेळी मी पिन लावली. तासाभराचा रस्ता निघाला, आणि तोही उलट्या दिशेचा. खरा मठ अगदीच साधा होता. कुंपण, पाटी, आणि घोट्याएवढे पाये. कुठे भिंत अशी नाही. बाई पाटीवरचं सगळं वाचून मग आत गेल्या, आणि पूर्ण वेळ दोन्ही हात पाठीमागे धरून चालल्या, कशाला चुकूनही लागू नयेत म्हणून. प्रार्थना केली ती उभ्यानेच. बाहेर पडताना फाटकापाशी थांबून एकेक चप्पल काढली आणि आतली वाळू कुंपणाच्या आत झाडली. मलाही झाडायला लावली.

"कसं वाटलं?" मी गाडीत विचारलं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "गोठा जास्त छान होता."

प्रायश्चित्त त्यांनी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दिलं. बसमधल्या एकूणएक माणसाला सांगायचं. फोनवर लिहून नाही, तोंडाने. आणि सांगून होईपर्यंत मी बाकावर बसायचं.

त्या शनिवारी मराठी मिस्सा होती. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, रांग लागली. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि पुढे गेल्या, शाळा तपासनीस आल्यावर वर्गापुढे जायच्या तशा ताठ. मी बसून राहिलो. आमच्या बाकावरच्या सगळ्यांना माझे गुडघे ओलांडून जावं लागलं आणि प्रत्येकाने माझ्याकडे एकदा पाहिलं. बायकोने दोनदा. तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती माझ्याशी तेव्हापासून फक्त मुलीमार्फत बोलत होती, आणि मुलगी ते इंग्रजीत भाषांतर करून पोचवत होती. मुळापेक्षा कडक व्हायचं.

बाहेर आवारात गिटारवाल्याने मला गाठलं. गिटार पाठीला, हातात चहाचा पेला.

"काय रे, बसून होतास? काय केलंस काय?"

मी मान हलवली.

"मान नको," मागून बाईंचा आवाज आला. "बोल."

मग बोललो. मधेच एकदा तो हसला, मग थांबला, कारण लाल फुली आली होती. चहा हातातच गार झाला. बाई शेजारी उभ्या राहून एखाद्या पोराचं पाठांतर ऐकावं तसं ऐकत होत्या, आणि मी 'गैरसमज झाला' म्हणालो तिथे त्यांनी "खोटं बोललो," अशी दुरुस्ती केली.

"म्हणजे म्युनिसिपालिटीची," गिटारवाला शेवटी म्हणाला.

"हो."

"आणि माझं गाणं?" तो माझ्याकडे नाही, बाईंकडे बघत होता. "उपवासकाळ आला दोन महिन्यांवर. आता त्या गाण्याचं काय करायचं, बाई?"

बाईंनी थोडा वेळ मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

"गाणं राहू दे," त्या म्हणाल्या. "चाल चांगली आहे." मग माझ्याकडे वळून, "चल. बेचाळीस राहिले. फादर ते काय, तिकडे उभे आहेत."